सव्वा मूठ जर्मन आबाची

ज्या कवीवर मी माझी उमेदीची वर्षं घालवली, त्याचं नाव या लेखात मी लिहिणार नाही. जर्मनीत त्याचे पुतळे आहेत, त्याच्या नावाचे रस्ते आहेत आणि त्याच्यावर इतकी पुस्तकं निघाली आहेत की ती वाचायला दुसरा जन्म घ्यावा लागेल. पण गेल्या श्रावणात मी खानदेशात जाऊन आले. तिथे त्याला 'जर्मन आबा' म्हणतात. ते ऐकल्यापासून त्याचं खरं नाव घेताना मलाच अवघडल्यासारखं होतं. तेव्हा इथेही तो आबाच.

मी पुण्यात जर्मन शिकवते. आबाची एक छोटीशी कविता आहे, फारशी कोणाला ठाऊक नसलेली. थंडीच्या रात्री एक बाई पाव भाजत बसली आहे, छपरावर बर्फ साचलाय, आणि ती आकाशातल्या चंद्राला म्हणते, अरे, बाहेर कुडकुडत काय बसलास, आत ये, चुलीपाशी बस. संपली कविता. एवढ्याशा कवितेवर मी जाडजूड प्रबंध लिहिला आणि ती आबाने आई गेल्यावर तिच्या आठवणीत लिहिली, हे सिद्ध केलं. माझ्या माहितीत तो प्रबंध तिघांनी वाचला. त्यातला एक टायपिस्ट होता आणि त्याने फक्त समास फार मोठे झाल्याची तक्रार केली.

तर या पार्श्वभूमीवर वर्षाचा फोन आला. वर्षा माझी जुनी विद्यार्थिनी, आता जळगावच्या एका कॉलेजात शिकवते. ती बोलायला लागली की स्वल्पविराम घेत नाही. "मॅडम तुम्ही बसलेल्या आहात का नसाल तर बसा आणि हे ऐका," म्हणाली आणि तिने एक रेकॉर्डिंग लावलं. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज आणि बायकांचं अहिराणी गाणं:

चांद भाऊ, घरमा ये रे, बाहेर थंडी शे,
तवावरनी भाकर मन्ही आते फुगनी शे.
धाबावर बरफ पडना, वाट बुजनी शे,
चुलापासे बठ रे भाऊ, जागा मोकयी शे.

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. पावाच्या जागी भाकरी, छपराच्या जागी मातीचं धाबं, बाकी सगळी कविता जशीच्या तशी! हे गाणं शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात कानबाई या देवीच्या सणाला म्हणतात, पिढ्यान्पिढ्या म्हणतात, असं वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं होतं. ती त्याच गावची. म्हणजे आबाने ही कविता लिहिलीच नव्हती. कोणा प्रवाशाच्या, कोणा पाद्र्याच्या तोंडून ती खानदेशातून जर्मनीला गेली होती! खानदेशात बर्फ कुठून आला, असा एक बारीकसा प्रश्न माझ्या डोक्याने विचारला खरा, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता. मी बॅग भरत होते.

जळगाव, गुरुवार

वर्षाच्या घरी पोचले तेव्हा तिच्या आईने माझ्यापुढे शेवभाजीचा वाडगा ठेवला. तिच्यावर तर्री अशी होती की भाजी दिसत नव्हती. आमच्याकडे पाहुण्याला 'अजून घ्या ना' असं एकदा म्हणतात आणि भांडं आत नेतात. इथे विचारतच नाहीत. बोलण्यात गुंगलं की ताट आपोआप भरतं. मी रडत रडत जेवले, म्हणजे तिखटाने, आणि पुन्हा भाजी मागून घेतली.

बेत असा होता. पुढच्या आठवड्यात वर्षाच्या कॉलेजात चर्चासत्र, त्यात तिचा हा गौप्यस्फोट करणारा निबंध आणि अध्यक्ष मी. त्याआधी गावात जाऊन गाणं प्रत्यक्ष ऐकायचं. रविवारी कानबाई बसणार होती, शनिवारी तिच्या रोटाचं दळण.

"आणि बर्फ?" मी जेवण झाल्यावर हळूच विचारलं.

"गारा, मॅडम! गारपीट! माझ्या निबंधात त्यावर वेगळा विभाग आहे," वर्षा म्हणाली.

मला ते लगेच पटलं. पटवून घ्यायचंच असलं की माणसाला काहीही पटतं. रात्री झोपताना मी मनातल्या मनात जर्मनीतल्या एका फार शिष्ट प्राध्यापकाला ही बातमी सांगत होते आणि त्याचा चेहरा पाहून गादीवर एकटीच हसत होते.

धुळे, शुक्रवार

धुळ्याला वाट वाकडी करायचं कारण म्हणजे एक आमंत्रण. पुण्याहून जर्मनच्या बाई येताहेत ही बातमी कुठून कशी फुटली कोण जाणे, पण 'जर्मन आबा मित्र मंडळा'कडून वर्षाला फोनवर फोन येत होते. हौशी लोक आहेत, तासभर बसू आणि निघू, असं ती म्हणाली.

मंडळाची बैठक मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात होती. तांब्याच्या तारेच्या रिळांमध्ये खुर्च्या, आणि समोर फ्लेक्स: 'जर्मन आबांच्या लेकीचे हार्दिक स्वागत'. लेक म्हणजे मी. फ्लेक्सवर दाढीवाल्या गोऱ्या गृहस्थांचा फोटो होता आणि त्याला झेंडूचा हार. ते गृहस्थ आबा नव्हते. आबाला जन्मात दाढी नव्हती. कोण होते ते मला अजून कळलेलं नाही, पण नारळ माझ्या हातात होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी त्या अनोळखी माणसाला मनोभावे नमस्कार केला.

मंडळात सभासद दोनच. दुकानाचे मालक सलीमभाई, गोल चेहऱ्याचे, सतत हसणारे. आणि नाना. उंच, वाळकेसे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेले. नानांची नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात झाली. तिथे एक जर्मन पाहुणा जाताना आबाच्या कवितांचं पुस्तक विसरून गेला. ते परत करायला पत्ता नव्हता, म्हणून नानांनी ते वाचायला घेतलं.

"वाचायला म्हणजे काय मॅडम, आधी दोन वर्षं नुसतं बघितलं," नाना म्हणाले. "मग सलीमनं रद्दीतून डिक्शनरी आणली."

"त्या डिक्शनरीत पानं कमी होती," सलीमभाई म्हणाले. "एस के आगे कुछ नहीं था. तो एस के आगे के अल्फाज नानाने अंदाज से लगाए. बहुत खूबसूरत लगाए!"

मी हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिले. आमच्या विभागात लोक आबाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, जसं काही तो शेजारच्या खोलीत आजारी आहे. हे दोघं त्याची टिंगल करत होते, त्याच्या प्रेमप्रकरणांवरून त्याला झापत होते आणि मध्येच एखादी ओळ म्हणून गप्प होत होते. उच्चार असे की जर्मन माणसाने आधी दोन पावलं मागे घेतली असती. पण मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी उठून जाहीर केलं, "आता मी तुम्हाला एक गंमत ऐकवते," आणि वर्षाच्या फोनवरचं गाणं लावलं.

सलीमभाईंचं हसू आणखी पसरलं. नाना मात्र दुसऱ्याच ओळीला उभे राहिले. तिसऱ्या ओळीला त्यांनी वळून सलीमभाईंकडे पाहिलं.

"हे... हे कुठं रेकॉर्ड केलं?" नानांनी विचारलं.

वर्षाने गावाचं नाव सांगितलं आणि पिढ्यान्पिढ्या, गारपीट, पाद्री, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"नाना, अब बोल भी दो," सलीमभाई म्हणाले.

नाना बसले. "गाव माझंच आहे," ते म्हणाले. "गाणं म्हणते ती अक्का, माझी थोरली वहिनी. आणि ती कविता मीच अहिराणीत आणली. माझी आई तेव्हा होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं तिला. दळताना तिच्याजवळ बसून तिला शिकवली. सगळं बदललं मी, पाव बदलला, छप्पर बदललं. पण बर्फाला आपल्याकडे काय म्हणणार? ठेवला तसाच."

मग मला हसू फुटलं. आवरेच ना. गारपिटीवरचा वेगळा विभाग! शिष्ट प्राध्यापकाचा चेहरा! मी डोळे पुसत वर्षाकडे वळले, तर तिचे डोळे खरेच भरले होते. माझं हसू तिथेच थांबलं.

"मी खरं तेच मांडणार," ती म्हणाली. "निबंध बदलीन. गाणं नानांचं आहे असं सांगीन."

यावर नानांनी तिला हातच जोडले. "तसं करू नको, पोरी! अक्काला कळलं तर ती गाणं बंद करेल."

भानगड ही होती. कानबाईपुढे कोणी रचलेलं गाणं चालत नाही, असा अक्काचा दंडक. गाणं सासूकडून यावं, सासूला तिच्या सासूकडून. कोणाचं नाव त्याला लागलेलं नको. मागे एका सुनेने स्वतः केलेलं गाणं म्हटलं, तर अक्काने तिला अगदी गोडीने सांगितलं, हे तुझ्या घरी म्हण. आणि 'चांद भाऊ' हे अक्काचं सगळ्यांत आवडतं गाणं, तिच्या सासूने तिला दिलेलं. ते दिराने एका परदेशी पुस्तकातून आणलंय हे कळलं, की कानबाईपुढून ते उठलंच.

पण चर्चासत्राला गावातली ती विद्यार्थिनी असणारच. म्हणजे अक्काला कळणारच, आणि तेही परक्याच्या तोंडून. आम्ही चौघं बराच वेळ डोकी धरून बसलो. शेवटी उद्या गावी जाऊन नानांनीच सांगावं असं ठरलं. नानांनी मान हलवली, पण त्यांचा रंग काही परत आला नाही.

नरडाण्याच्या पुढे, शनिवार

सलीमभाईंच्या व्हॅनमधून निघालो. सोनगीर मागे पडलं, नरडाण्याचे कारखाने गेले आणि दोन्ही बाजूंना कपाशी सुरू झाली. वर्षा खिडकीकडे तोंड करून होती. तिला बोलतं करावं म्हणून मी खाण्याचा विषय काढला. रोट म्हणजे नक्की काय असतं?

तिथे मला वाईट बातमी कळली. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, जाडसर आणि खरपूस. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून रोट करायचे. ते फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. एक तुकडाही उरवायचा नाही आणि बाहेरच्याला एक घासही द्यायचा नाही.

"एक घासही?" मी म्हणाले.

"मैं इतने साल से दोस्त हूं," सलीमभाई स्टिअरिंगवरून म्हणाले. "पुरणपोळी मिळते, खीर मिळते, गिलक्यांची भजी मिळतात. रोट नाही मिळत. नियम म्हणजे नियम."

मी इतका मोठा सुस्कारा सोडला की वर्षा हसली. तेवढ्यात व्हॅन काळ्या मातीत रुतली. आम्ही उतरून ती ढकलली, माझी एक चप्पल चिखलाने गिळली, आणि गावात शिरले ती मी एका पायात चप्पल आणि एका पायात खानदेश घेऊन.

अक्का ओट्यावर जात्यापाशी होती. भरदार बाई, मोठं कुंकू, आवाज असा की गल्लीच्या टोकाला गाय थांबावी. तिने आधी माझ्या पायावर कळशीभर पाणी ओतलं आणि मग विचारलं, "कोन वं तू?"

"पुण्याहून आले. जर्मन शिकवते."

"बठ," अक्का म्हणाली. जर्मनबद्दल तिला काही विचारायचं नव्हतं.

हरभऱ्याची डाळ दळून होत आली होती, रोटाचे गहू अजून सुपात निवडून ठेवलेले. तीन-चार बायका जात्याभोवती, आणि गाणं सुरूच. 'चांद भाऊ' आलं. फोनवर ऐकणं वेगळं आणि हे वेगळं. जात्याच्या फेऱ्याला ओळ वर चढायची आणि 'जागा मोकयी शे'ला खाली यायची. ज्या कवितेची मी अक्षर न् अक्षर चिरफाड केली होती, ती मला पहिल्यांदाच कोणीतरी चुलीपाशी बसवून ऐकवत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मी नानांना शोधलं. नाना गल्लीत व्हॅनचं चाक तपासत होते. चाकाला काही झालेलं नव्हतं.

गाणं संपलं आणि अक्का माझ्याकडे वळली. "तू शिकेल बाई शे. एक सांग. हाऊ बरफ म्हनजे काय? धाबावर कसाले पडस? सासूले इचारं ते ती नुसती हसे."

आता इथे मी काय करायचं होतं? गारा म्हणाले असते तर सगळं निभावलं असतं. वर्षा माझ्याकडेच बघत होती. पण जिने आयुष्यभर एक ओळ म्हटली आणि मला तिचा अर्थ विचारला, तिला खोटं सांगायला माझी जीभ रेटेना. मी सांगितलं. बर्फ काय, तो कुठे पडतो, तिथे कोण राहत होता आणि गाणं इथवर कसं आलं.

जातं थांबलं. एका बाईने तोंडावर हात ठेवला.

"नाना!" अक्काने हाक मारली.

नाना आले. लग्नाच्या वयाची नातवंडं असलेला माणूस, पण ओट्याखाली मान घालून उभा.

"तू मायले फसाडं?"

"फसाडं नही, अक्का. तिले दिखत नव्हतं. दयता दयता कटाळी जाये, म्हनीसनी शिकाडं. मी सांगं तिले, हाई जर्मन आबानं शे. ती म्हने, कोनले सांगू नको, सूनले मी देसू."

अक्काने पदराचं टोक हातात गुंडाळलं. गाणं गेलं, मी मनात म्हटलं, आणि ते माझ्या तोंडाने गेलं.

मग तिने मला विचारलं, "तेनं नाव जर्मन आबा. तेले माय व्हती?"

आणि माझा प्रबंध, तो समास मोठे झालेला प्रबंध, माझ्या तोंडून भरभर बाहेर पडला. होती अक्का, आई होती. थंडीत पहाटे उठून पाव भाजायची. हा लहान, अंथरुणातून उठून चुलीपाशी यायचा आणि ती सरकून त्याला जागा करून द्यायची. ती गेली तेव्हा हा दूरच्या गावी होता. भेट झाली नाही. त्यानंतर त्याने हे गाणं केलं.

"मायकरता?"

"आईकरता."

अक्का जात्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले, पदराने खसकन, जसं काही पीठ उडालं होतं. "मंग ते मायनंच गानं शे," ती म्हणाली. "तिकडली मायनं आनि आठली मायनं. चाली."

नाना मटकन ओट्यावर बसले. मला उठून नाचावंसं वाटत होतं. वर्षाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

अक्काने गव्हाचं सूप पुढे ओढलं. एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ दुरडीत टाकायची. दीर, मुलगे, नातू, मुंबईला असलेला पुतण्या. नाना. शेवटी हात झटकायच्या ऐवजी तिने पुन्हा मूठ भरली.

"आनि हाई जर्मन आबानी."

"अक्का, तो मरना शे," नाना म्हणाले.

"तेनं गानं आपला घरमा शे ना? मंग तो भाऊबंद शे. गप बठ."

आणि जातं पुन्हा सुरू झालं.

सोमवार

रविवारच्या खापरावरच्या पुरणपोळ्यांबद्दल लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही. मी किती खाल्ल्या हे विचारू नये. सोमवारी कानबाई वाजतगाजत नदीवर गेली. तिच्यापुढे बायका फुगड्या घालत होत्या, त्यांत वर्षाही होती. तिने आदल्या दिवशीच निबंधाचं नाव बदललं होतं आणि गारपिटीचा विभाग वाचून दाखवून सगळ्या ओट्याला हसवलं होतं.

परत आल्यावर घरचे रोट खायला आत बसले. मी आणि सलीमभाई बाहेर, शहाण्या पाहुण्यांसारखे. आतून तुपाचा वास येत होता. मी श्वास मोजून घेत होते.

"पुण्यानी बाई!" अक्काचा आवाज आला. "आत ये वं!"

मी दारात गेले. अक्काच्या हातात वेगळं ताट होतं. त्यात एक जाड, खरपूस रोट आणि बाजूला दही.

"हाऊ जर्मन आबाना वाटाना शे," ती म्हणाली. "तो काय येस नही. टाकाना नही, कोनले देवाना नही. तू तेनाकडली शे ना?"

आयुष्यभर मी त्याच्याकडची आहे असं मला एकाही विद्यापीठाने म्हटलं नव्हतं.

"शे," मी म्हणाले.

मी पाटावर बसले आणि आबाच्या वतीने खाल्लं. सगळं घर बघत होतं. शेवटचा तुकडा दह्यात बुडवून तोंडात टाकला तेव्हा अक्काने खाली वाकून, अगदी गंभीरपणे विचारलं, "आबानं पोट भरनं का?"

मी बोटाला लागलेलं दही चाटलं.

"आबा म्हणतो," मी सांगितलं, "जरा अजून चाललं असतं. पुढच्या वर्षी दोन मुठी टाका."